मागे उभ्या असलेल्या माणसाचं वाद्य

प्रश्न : नमस्कार, माझा मुलगा तीन वर्षं गिटार वाजवतोय, आता म्हणतो डबल बास शिकायचाय, दिवसभर तोंडात मिंगसचं नाव. आम्ही सवाईला जाणारी माणसं, जॅझ काही कळत नाही. हा मिंगस कोण आणि मागे उभं राहून धुम् धुम् करण्यात आयुष्य घालवावं असं काय आहे त्यात?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, आधी त्या धुम् धुम् बद्दल. डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं, खालच्या सुरांचं वाद्य. सवाईला तुम्ही ठेक्यावर मान डोलावता, समेची वाट बघता ना, जॅझमध्ये त्यातलं बरंचसं काम बासवाला करतो आणि वर सुरांचा पायाही तोच देतो. दर मात्रेला एक सूर, चालल्यासारखा, म्हणून त्याला वॉकिंग बास म्हणतात. त्याने खालचा सूर बदलला की वरच्या सगळ्यांचा रंग बदलतो, तो जरा रेंगाळला तर अख्खा बँड लंगडतो.

चार्ल्स मिंगस म्हणजे अमेरिकेतला जॅझ बासवाला. जन्म १९२२चा, ॲरिझोनातला, पण वाढला लॉस एंजलिसच्या वॉट्स भागात. आधी ट्रॉम्बोन हे फुंकवाद्य, मग चेलो, म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊ. चेलो छान चालला होता पण काळ्या मुलाला तेव्हा क्लासिकल ऑर्केस्ट्रात कोण घेणार, म्हणून मित्राच्या सांगण्यावरून बासकडे वळला. मला हे आठवलं की अजून राग येतो. आणि पुढे बास शिकला कोणाकडे, तर न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रात वाजवलेल्या हर्मन राइनशागेनकडे, म्हणजे जे दार बंद होतं तिथल्याच माणसाकडून विद्या घेतली!

स्वभाव भयंकर तापट, पण मागे उभं राहून बँड चालवणारा आणि स्वतः रचना करणारा असा बासवाला विरळाच. १९५२ मध्ये ड्रमवादक मॅक्स रोचबरोबर स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, १९५९ मध्ये 'मिंगस आह अम' हा अल्बम आला. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग त्याच वर्षी गेला, त्याच्यासाठी केलेली रचना त्यात आहे, ती ऐकून मला दरवेळी गलबलतं.

शेवटी एएलएस झाला, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार. बोटं थांबली, तर व्हीलचेअरवर बसून टेपरेकॉर्डरमध्ये गुणगुणून रचना करायचा. जानेवारी १९७९ मध्ये मेक्सिकोत गेला, ५६ वर्षांचा होता, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे बायकोने अस्थी आपल्या गंगेत सोडल्या.

शिकण्याचं म्हणाल तर सोपं नाही, खोटं कशाला सांगू. वाद्य माणसाएवढं उंच, रिक्षातून नेता येत नाही, तारा जाड, सुरुवातीला बोटांना फोड येतात. लगेच विकत घेऊ नका, आधी शिकवणाऱ्याच्या वाद्यावर काही महिने वाजवू दे.

आणि आज रात्री मुलाला मिंगसचं 'हेशियन फाइट साँग' लावायला सांगा. मोबाईलच्या स्पीकरवर नको, सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, तो सूर त्यातून नीट येतच नाही. हेडफोन घ्या. सुरुवातीला एकटा बास आहे, बाकी कोणी नाही, मग बाकीचे हळूहळू येतात, तुम्ही मात्र कान बासवरच ठेवा.