विजेची वेळ : एका विद्यार्थिनीस पत्र

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पंधरा दिवसांपूर्वी मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण तुझा प्रश्न चार ओळींत मिटणारा नव्हता. गुंतवणूक कंपनी आणि प्रकल्प उभारणारी कंपनी, अशा दोन्हीकडून तुला बोलावणे आले आहे, आणि सौर, वारा, बॅटरी, हायड्रोजन यांपैकी पुढची वीस वर्षे कशाची, हे तुला माझ्याकडून जाणून घ्यायचे आहे. मी म्हणेन, हा प्रश्न थोडा वेगळा करून घे. तयार झालेली वीज कोणत्या वेळी आणि कोणत्या तारेवर येते, यालाच आता खरी किंमत आली आहे, आणि सरकारी धोरण, यंत्रसामग्री व पैसा हे तिन्ही हळूहळू त्या दिशेने वळत आहेत. हे ज्याला वाचता येईल त्याला यंत्र कोणतेही चालेल.

माझ्या पिढीला हे उशिरा कळले. मी वीजप्रकल्पांच्या कर्जप्रस्तावांची छाननी करू लागलो तेव्हा साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावर आणि धुळ्याकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. त्यांतल्या बऱ्याच मालकांचा विजेशी संबंध नव्हता. पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा, म्हणजे यंत्राच्या किमतीतली घट, दाखवून आयकर वाचवता येई, म्हणून इतर धंद्यांतला नफा पठारावर येत होता. सवलत चक्की उभारण्याला होती, ती फिरण्याला नव्हती. पुढे २००९ मध्ये केंद्राने तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे देण्याची योजना आणली, तेव्हा कुठे उत्पादनाला थोडे महत्त्व आले. २०१२ मध्ये घसाऱ्याची सवलत आणि ही योजना एकदमच थांबली, आणि पुढच्या वर्षी देशातली नवी पवनक्षमता जवळपास निम्म्यावर आली. काही काळाने दोन्ही पुन्हा सुरू झाल्या, पण मोडलेली घडी लगेच बसली नाही. धोरणाची ही धरसोड पवनक्षेत्राला कोणत्याही तांत्रिक अडचणीपेक्षा जास्त भोवली, असे मी आजही मानतो.

त्या काळात सह्याद्रीवरच्या एका प्रकल्पाचा प्रस्ताव मीच पुढे पाठवला होता. वाऱ्याची मोजणी एकाच वर्षाची होती आणि ते वर्ष जोराच्या वाऱ्याचे होते. आकडे सुबक दिसत होते आणि मी पठारावर गेलो नव्हतो. तीन वर्षांनी गेलो, तेव्हा आषाढात उभे राहवत नव्हते इतका वारा होता आणि माघात त्याच जागी गवताचे पातेही हलत नव्हते. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने सारखाच होता. हे मला कागदावर दिसायला हवे होते.

सौरऊर्जेचा मार्ग निराळा झाला. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा २०२२ पर्यंत २० हजार मेगावॉटचे लक्ष्यही मोठे वाटले होते; २०१५ मध्ये तेच एक लाखावर नेले गेले. या लिलावांत सर्वांत स्वस्त वीज देऊ करणाऱ्याला काम मिळते; पहिल्या लिलावांत युनिटला दहा-बारा रुपयांच्या बोली होत्या. मे २०१७ मध्ये राजस्थानात भडला येथे २ रुपये ४४ पैशांची बोली आली आणि २०२० च्या अखेरीस गुजरातमध्ये ती दोन रुपयांखाली गेली. चीनमधून येणारे पॅनेल स्वस्त झाले हे कारण सर्वांना ठाऊक आहे. व्याजाचे कारण तितके बोलले जात नाही, म्हणून ते एकदा स्वतः मांडून बघ. समजा, एक मेगावॉटला चार कोटी लागले आणि त्यांतले तीन कोटी ९ टक्क्यांनी कर्जाऊ घेतले. आपल्याकडच्या उन्हात वर्षाला साधारण १६ लाख युनिट होतील. पहिल्या वर्षाचे व्याजच २७ लाख, म्हणजे युनिटमागे सुमारे १ रुपया ७० पैसे. व्याज एका टक्क्याने वाढले की युनिटवर आणखी १९ पैसे चढतात. ऊन फुकट असले तरी त्याची वीज करण्याचा सगळा पैसा आधी मोजावा लागतो. त्यामुळे कोळशाच्या प्रकल्पात कोळशाचा जो भाव, तोच सौरप्रकल्पात व्याजाचा दर असतो.

हा दर ठरतो भरवशावर. २०१९ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने आधी झालेले वीजखरेदी करार पुन्हा उघडायला घेतले. उच्च न्यायालयात प्रकल्पधारकांच्या बाजूने निकाल लागायला मार्च २०२२ उजाडला. त्या काळात इतर राज्यांतले प्रस्ताव तपासणारे आमच्यासारखे लोकही हात आखडता घेऊ लागले होते. पुढे २०२२ च्या जूनमध्ये थकबाकी वसुलीचे केंद्रीय नियम आले, पैसे थकवणाऱ्या वितरण कंपनीला बाहेरून वीज मिळण्यावर बंधने येऊ लागली आणि देणी बरीच कमी झाली. अशा नियमांची बातमी आतल्या पानावर दोन परिच्छेदांत येते. तू त्या बातम्या वाचायची सवय लाव.

आता वेळेकडे येतो. २०२५ च्या मध्यावर देशाच्या एकूण स्थापित क्षमतेतला, म्हणजे उभ्या असलेल्या सर्व वीजप्रकल्पांच्या ताकदीतला, निम्मा वाटा बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांचा झाला. २०२१ च्या ग्लासगोच्या हवामान परिषदेनंतर २०३० साठी ठरवलेली ही मजल पाच वर्षे आधी गाठली गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांत मात्र तो वाटा त्याच्या निम्म्याच्याच आसपास आहे. दुपारी राजस्थानात वीज वाहून न्यायला वाहिन्या पुरत नाहीत म्हणून चालू पॅनेलांचे उत्पादन कमी करावे लागते, आणि त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता देश कोळशाकडे पाहतो. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॉटला, म्हणजे अडीच लाख मेगावॉटला, पोचली होती. उष्म्याच्या दिवसांत सूर्य मावळला तरी पंखे आणि एसी थांबत नाहीत. लिलाव होऊनही ज्यांचे विक्री करार झाले नाहीत अशा प्रकल्पांची क्षमता २०२५ मध्ये ४० गिगावॉटवर गेली, त्याचेही एक मोठे कारण हेच, की दुपारची नुसती सौरवीज आणखी घ्यायला राज्ये तयार नाहीत.

धोरणाने हे ओळखले आहे. २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांनी उन्हाच्या तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी ठेवायला सांगितले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने नव्या सौर निविदांना दोन तासांची साठवण जोडण्याची सूचना केली. बॅटरी झपाट्याने स्वस्त होत आहेत. पण साठवण म्हणजे बॅटरीच, असे मानू नकोस. सह्याद्रीच्या कड्यात घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे: वरचे धरण, खालचे धरण, मध्ये डोंगराच्या पोटातून बोगदा. वीज जादा असेल तेव्हा पाणी वर चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडायचे. बांधला तेव्हा मध्यरात्रीची शिल्लक वीज डोळ्यांसमोर होती. यापुढे भर दुपारच्या विजेने पाणी वर नेणे शहाणपणाचे ठरेल. यंत्र तेच, घड्याळ बदलले. महाराष्ट्रात आता असे अनेक प्रकल्प आखले जात आहेत आणि बहुतेकांची नजर घाटावरच आहे. तुझ्या टेबलावर असा प्रस्ताव आला, तर किती जंगल बुडते आहे हे पान आधी उघड.

दुसरी गोष्ट जागेची. गेल्या पौषात मी शिरूरकडे एका शेतकरी मित्राच्या वस्तीवर होतो. त्याच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे वीज नेणाऱ्या वाहिनीला, त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. पावणेबाराला पंपाची थ्री फेज वीज आली, त्याने कानटोपी ओढली, बॅटरी आणि काठी घेतली आणि कांद्याला दारे धरायला निघाला. मागोमाग त्याचा मुलगा, बिबट्यासाठी फटाके खिशात घालून. पहाटे परत आला तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने गारठलेले होते. तुझ्या मनात ऊर्जा धोरण म्हणून जे काही असेल, त्यात ही रात्र असली पाहिजे.

या रात्रीवर महाराष्ट्राने काढलेला तोडगा मला देशातल्या चांगल्या कल्पनांपैकी वाटतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधले कोळंबी ही पहिली ठिकाणे. २०२३ मध्ये तिला नवे रूप आले आणि लक्ष्य पुढे सुमारे १६ हजार मेगावॉटपर्यंत वाढले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात धोंदलगावला ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये चालू झाला. रचना साधी आहे: उपकेंद्राच्या जवळच काही एकरांवर पॅनेल, तिथून थेट शेतीच्या फीडरला दिवसाची वीज. ऊन आणि सिंचन एकाच वेळी, त्यामुळे साठवण जवळजवळ लागतच नाही. लांबून वाहून आणण्यातली गळती वाचते. आणि शेतीच्या सवलतीचा जो बोजा कारखान्यांच्या बिलांत जातो तो हलका होऊ शकतो. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे.

पण जमीन गायरान असेल तर प्रश्न उरतो. सातबाऱ्यावर ती सरकारी दिसते, म्हणून कागद लवकर होतो. पण तिथे ज्यांच्या शेळ्या चरतात, त्यांचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नसते आणि भाड्यातला रुपयाही त्यांच्यापर्यंत जात नाही. ‘पडीक’ हा शब्द अहवालात आला की थांबत जा. राजस्थान-गुजरातच्या माळरानांनाही पडीकच म्हटले जात होते. माळढोक तारांवर आदळून मरू लागला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश आला, मार्च २०२४ मध्ये तो सौम्य झाला, आणि मधली तीन वर्षे प्रकल्प खोळंबले. जागेचा अभ्यास आधी झाला असता, तर पक्षी आणि पैसा दोन्ही कमी गेले असते.

हायड्रोजनबद्दल तू बरेच लिहिले आहेस. जानेवारी २०२३ च्या १९ हजार ७४४ कोटींच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाकडे मी आशेने पाहतो, विशेषतः खतांसाठी. पण घेणारा कोण आणि किती वर्षांसाठी, हे ठरेपर्यंत त्यावर आपली पहिली नोकरी बेतू नकोस.

होकार कळवण्याआधी दोन्ही ठिकाणी एवढेच विचार: रुजू झाल्यावर चालू प्रकल्पांच्या मीटरच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी मला पाहायला मिळतील का, आणि वर्षातून किती दिवस प्रकल्पावर जाता येईल? जिथे या प्रश्नाला सरळ उत्तर मिळेल तिथे जा, पगार थोडा कमी असला तरी. आणि पौषात सुट्टी काढता आली तर कळव; शिरूरच्या त्या फीडरवर दिवसाची वीज तोवर आली आहे का, ते आपण दोघे जाऊन पाहू.

तुझा,
सर