युद्धकाळातल्या सामन्यांची आखणी कशी वाचावी

सप्रेम आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या 1939 ते 1946 या काळातील फुटबॉल हंगामांचे तू तयार केलेले तक्ते मी दोन वेळा वाचले. आकड्यांवर तू मेहनत घेतली आहेस, तरीही ‘खरा विजेता कोण’ या प्रश्नात तू अडकल्याचे जाणवले. मी बरीच वर्षे जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांची वेळापत्रके आखली आहेत, म्हणून सांगतो : गुणतक्ता थोडा वेळ बाजूला ठेव आणि आधी नकाशा उघड.

2 सप्टेंबर 1939 च्या शनिवारी पहिल्या श्रेणीत ब्लॅकपूल तीनपैकी तिन्ही सामने जिंकून अग्रस्थानी होता. दुसऱ्या दिवशी युद्ध जाहीर झाले, हंगाम थांबला आणि त्या सामन्यांचे निकाल नोंदींतून रद्द झाले. 1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाल्यावरही फुटबॉल लीग या क्लबांच्या संघटनेने हंगाम पूर्ण खेळवला होता आणि त्याबद्दल तिच्यावर कठोर टीका झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या वेळची तत्परता समजते. पुढे सरकारने खेळाला परवानगी दिली ती अटींवर : हवाई हल्ल्यांच्या भीतीने जिथून लोकांना हलवले जात होते त्या क्षेत्रात 8,000 आणि इतरत्र 15,000 प्रेक्षकांची मर्यादा, शिवाय प्रवास साधारण 50 मैलांच्या आत. ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या प्रादेशिक साखळ्या या अंतराच्या अटीतूनच जन्मल्या. आर्सेनलसारखा मातब्बर संघ वॉटफर्ड आणि क्लॅप्टन ओरिएंट यांच्या गटात आला, कारण गट ठरवताना श्रेणीपेक्षा अंतराला महत्त्व होते.

नेहमीचा एफए कप, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा, स्थगित झाल्यामुळे 1939 चा विजेता पोर्ट्समथ पुढची सात वर्षे त्या चषकाचा धनी राहिला. त्याऐवजी 1940 च्या वसंतात खास युद्धकालीन चषक खेळवला गेला आणि सारी स्पर्धा नऊ आठवड्यांत बसवली गेली. फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्याची माघार संपून चारच दिवस झाले होते, तेव्हा 8 जूनला वेम्बलीवर वेस्ट हॅमने ब्लॅकबर्नला 1-0 असे हरवले. ज्याने कधी बाद फेरीचे वेळापत्रक हाताने आखले आहे, त्याला या नऊ आठवड्यांमागचे कष्ट सांगावे लागत नाहीत.

1940-41 चा हंगाम मात्र तू घाईने उरकला आहेस, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. हवाई हल्ल्यांच्या भोंग्यांनी सामने खंडित होत असताना क्लबांनी आपसांत सामने ठरवले, त्यामुळे कोणाचे जास्त झाले, कोणाचे फारच थोडे, आणि क्रमवारी गुणांऐवजी गोल सरासरीवर (केलेले गोल भागिले स्वीकारलेले गोल) लावावी लागली. दक्षिणेच्या साखळीत क्रिस्टल पॅलेस पहिला आला तो असा. तू प्रति सामना गुण काढून ही क्रमवारी ‘दुरुस्त’ केली आहेस. ते करू नकोस. मूळ क्रमवारी तशीच ठेव आणि शेजारी खेळलेल्या सामन्यांची संख्या दे, म्हणजे वाचकाला त्या काळची अडचण दिसेल.

तसेच 1940 च्या नाताळातला नॉर्विच विरुद्ध ब्रायटन हा 18-0 चा निकाल अपवाद म्हणून गाळू नकोस. ब्रायटनचे पाचच खेळाडू पोहोचले होते. उरलेल्या जागा सैनिकांनी आणि नॉर्विचच्याच राखीव खेळाडूंनी भरल्या. सामना रद्द करणे सोपे होते, पण तो खेळवला गेला. या निकालात ब्रायटनची ताकद शोधण्यात अर्थ नाही. त्यात प्रवासाची स्थिती शोध.

पाहुण्या खेळाडूंचे, म्हणजे आपला क्लब सोडून तात्पुरते दुसऱ्या क्लबकडून खेळलेल्यांचे, कोष्टक वेगळे कर. त्याच नाताळच्या दिवशी टॉमी लॉटन सकाळी एव्हर्टनकडून आणि दुपारी ट्रॅनमिअरकडून खेळला. लष्करी प्रशिक्षण केंद्राच्या शेजारामुळे ऑल्डरशॉटसारख्या छोट्या क्लबला इंग्लंडचे खेळाडू मिळाले. संघाची घडण सैन्यातल्या नेमणुकीवर अवलंबून होती, आणि आपल्याला याचे जवळचे उदाहरण आहे : आर्सेनलचा डेनिस कॉम्प्टन भारतात नेमणुकीवर असताना मार्च 1945 मध्ये ब्रेबोर्न स्टेडियमवर होळकर संघाकडून रणजी अंतिम सामन्यात नाबाद 249 धावा करून गेला.

1941 सालच्या लंडनच्या बंडाला तू एकच ओळ दिली आहेस, त्याला निदान दोन पाने दे. आखणीत लंडनच्या क्लबांना लांबचे प्रवास पडत होते. त्यांनी नकार दिला, शेजारच्या काही क्लबांना बरोबर घेऊन सोळा क्लबांची वेगळी स्पर्धा उभी केली, आणि लीगने त्यांना बाहेर काढले. पुढच्या वर्षी समेट होऊन ते परत आले. माझ्या मते चूक आखणी करणाऱ्यांची होती. ज्यांना शनिवारी सामना संपवून सोमवारी कारखान्यात किंवा छावणीत हजर व्हायचे होते, त्यांच्यासाठी प्रवासाचे तास हाच न्यायाचा प्रश्न होता.

पुढचा खर्डा पाठवताना प्रत्येक सामन्यासमोर दोन्ही गावांमधले अंतर लिही. उत्तरेकडे नाताळानंतरचे काही सामने साखळी आणि चषक या दोन्हींत धरले जात; ते तुझ्या बेरजेत दोनदा आले आहेत, तेवढे आधी तपासून घे.

तुझा शुभचिंतक