सूज उतरली, आता स्टिरॉइड बंद करू का?

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा आहे. सकाळी उठला की डोळे सुजलेले असायचे, ॲलर्जी वाटली म्हणून ड्रॉप्स घातले, मग पोट आणि पाय पण सुजले तेव्हा लघवी तपासली तर प्रोटीन ४ प्लस. डॉक्टरांनी नेफ्रोटिक सिंड्रोम सांगून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू केलं. सूज गेली, पण आता गाल फुगलेत, सारखं खायला मागतो, चिडतो. सासूबाई म्हणतात बरा झालाय तर बंद करा, किडनी जाईल त्याने. काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, गोळ्या मनाने अजिबात बंद करू नका, हे आधी सांगते. या आजारात किडनीची गाळणी सैल होते आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे पाणी अंगात साठून सूज येते. सूज उतरली म्हणजे कोर्स संपला असं नाही. पहिल्यांदा आजार झाला की साधारण ६ आठवडे रोज आणि पुढचे ६ आठवडे एक दिवसाआड कमी डोस असा कोर्स असतो, आणि मध्येच सोडलं तर आजार उलटू शकतो, शिवाय इतके दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावलेलं असतं, ते एकदम थांबवणं धोक्याचं. सासूबाईंना हेही सांगा की या वयातल्या बहुतेक मुलांना, १०० मधल्या ८५-९० जणांना, या औषधाने गुण येतो आणि अशा मुलांची किडनी सहसा खराब होत नाही. गाल औषध कमी झालं की हळूहळू उतरतात. भूक मात्र खरंच खूप लागते, तेव्हा बिस्किटं, फरसाण, पापड, लोणचं घरात समोर ठेवूच नका, मीठ कमी, आणि डाळ-अंडी नेहमीसारखीच, प्रोटीन जातंय म्हणून जास्त भरवायची गरज नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे वही. सकाळची पहिली लघवी प्रोटीन तपासायच्या स्ट्रिपने तपासायची, तारीख, रिझल्ट, वजन, गोळीचा डोस लिहायचा. हा आजार अनेक मुलांमध्ये परत परत येतो, बऱ्याचदा साध्या सर्दीनंतर, त्यात तुमची काही चूक नसते. सलग ३ दिवस प्रोटीन ३ प्लस किंवा जास्त आलं की तो रिलॅप्स, म्हणजे आजार उलटला, सूज यायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, लवकर पकडलं की बरंच सोपं जातं. फारच वारंवार झालं तर लेव्हामिसोल, मायकोफिनोलेट अशी दुसरी औषधं आहेत, स्टिरॉइडच वर्षानुवर्षं द्यावं लागेल असं नाही. मोठं होता होता बहुतेक मुलांचं हे उलटणं थांबतं.

ताप आणि सोबत पोट दुखायला लागलं, लघवी खूप कमी झाली किंवा उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या. शाळेत कुणाला कांजण्या आल्याचं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. आणि कुठलीही लस द्यायच्या आधी स्टिरॉइड चालू आहे हे सांगायचं, काही लसी या काळात देत नाहीत, न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धची न्यूमोकोकल लस मात्र आवर्जून विचारून घ्या.