मासे शेवटी आणा

मासे पाळायला दोन फुटी टाकी घेतलीत, चांगलं केलंत. साठेक लिटर पाणी असलं की लहानशी चूक लगेच अंगाशी येत नाही.

पण त्याच संध्याकाळी मासे आणू नका, ही कळकळीची विनंती. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी. त्याचं आधी नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि तरी मासे मरतात. माझे पहिले सहा निऑन टेट्रा असेच आठवड्यात गेले, अजून वाईट वाटतं. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाका, टेस्ट किटने मोजत राहा. अमोनिया आणि नायट्राइट वाढून पुन्हा शून्यावर आले की मगच चार-पाच मासे सोडा.

वनस्पती मात्र पहिल्याच दिवशी लावा. जावा फर्न आणि अनुबियास कमी उजेडात, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरशिवाय तग धरतात. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं, म्हणून दोऱ्याने लाकडाला बांधा. क्रिप्टोकोरिनची पानं सुरुवातीला विरघळली तर उपटू नका, मुळांतून नवी येतात.

लाइट ६-७ तास पुरे; खिडकीतलं ऊन नको, शेवाळ माजतं. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नळाच्या पाण्यात क्लोरीन काढणारं औषध घालून. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.