जुन्या युरोपीय बशांवर फुलांच्या मध्येच माशी किंवा भुंगा का रंगवलेला असतो?

बऱ्याचदा डाग झाकायला! जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळच्या माइसेन कारखान्याचंच बघा. १७१० साली सुरू झालेला हा कारखाना म्हणजे अस्सल पोर्सेलिन, म्हणजे चिनी मातीची कडक पांढरी भांडी, बनवणारा युरोपातला पहिला. तिथं भांडं सुमारे १४०० अंशांवर भाजायचे. एवढ्या आचेत झिलईला, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराला, कुठे टाचणीच्या टोकाएवढं भोक पडायचं, कुठे काळा ठिपका उमटायचा. इतक्या मेहनतीची बशी फेकवेल कशी? मग चित्रकार नेमका त्या ठिपक्यावर मुंगळा नाहीतर फुलपाखरू काढायचा. म्हणून कीटक कधीकधी अगदी काठावर, एकटाच बसलेला दिसतो. बशी उजेडात तिरकी धरून त्याच्या पंखांखाली बघा, बारीक खड्डा दिसू शकतो.

पण प्रत्येक कीटकाखाली डाग असतोच असं नाही. १७४० च्या सुमारास निसर्गाभ्यासाच्या पुस्तकांतली चित्रं बघून फुलं आणि किडे रंगवायची आवड वाढली होती. काही बशांवर भुंग्याची सावलीसुद्धा रंगवलेली असते. तो इतका खरा वाटतो की हाताने झटकून टाकावासा वाटतो. मला ही सावलीवाली कामं सगळ्यात सुंदर वाटतात.

अशा बशांवरच्या ज्या फुलांना ‘इंडियन फुलं’ म्हणतात, ती मात्र भारतातली नव्हेत. ती जपानी आणि चिनी भांड्यांवरून उचललेली नक्षी. पूर्वेकडून येणाऱ्या मालाला तेव्हा युरोपात सरसकट ‘इंडियन’ म्हणत.