मंगळवारी ॲम्निओ आहे, ताई

प्रश्न: मी 35 वर्षांची आहे, धायरीला राहते, नोकरी हिंजवडीत. सतरावा आठवडा चालू आहे. डबल मार्करचा, म्हणजे बाळात डाऊन सिंड्रोमची शक्यता किती हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट 1:90 आला म्हणून डॉक्टरांनी ॲम्निओसेंटेसिस, म्हणजे सुईने गर्भजल काढून करायची तपासणी, सुचवलंय. मंगळवारी आहे. सासूबाई म्हणतात, पोटात सुई घातली की बाळ राहत नाही. नवरा म्हणतो, तुला योग्य वाटेल ते कर. तयारी काय करू? सुट्टी किती घेऊ? माझ्या वयामुळेच हे झालं, असं सारखं मनात येतं.

उत्तर: अगं, आधी त्या 1:90 कडे नीट बघ. असाच रिपोर्ट आलेल्या 90 जणी रांगेत उभ्या केल्या, तर 89 जणींच्या बाळांना डाऊन सिंड्रोम (21 वं गुणसूत्र एक जास्त असणं) नसतो. मार्कर फक्त शक्यता सांगतो. खात्रीचं उत्तर गर्भजलातल्या पेशी देतात. वयाबरोबर ही शक्यता वाढते हे खरं, पण ती वाढते पेशी विभागताना 21 व्या गुणसूत्राची जोडी नीट न सुटल्यामुळे. तू काय खाल्लंस, किती धावपळ केलीस, लग्न उशिरा का केलंस, यातलं काहीही स्वतःच्या माथी मारून घेऊ नकोस.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्यांच्या तरुणपणी ‘गर्भजल परीक्षा’ हा शब्द मुलगी नको म्हणणाऱ्या घरांमधून ऐकू यायचा. त्यावर देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. तो शब्द कानावर पडल्यावर त्यांच्या पोटात गोळा येणारच. त्यांना जवळ बसवून सांग, की इथे मुलगा-मुलगी सांगत नाहीत, सांगणं गुन्हा आहे. बाळ जाण्याचा धोका अनुभवी हातांत 200 मागे एकापेक्षाही कमी असतो. तो शून्य नाही, हेही सांग. खरं सांगितलंस तर त्यांचा विश्वास बसेल.

आता मंगळवारचं. रक्तगटाचा रिपोर्ट आठवणीने ने. तू निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल, तर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. हे आधीच विचार, घरी आल्यावर आठवायला नको. इकोस्प्रिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं काही चालू असेल, तर आजच डॉक्टरांना कळव. मनाने बंद करू नकोस. उपाशी राहायची सहसा गरज नसते. संमतीचा फॉर्म तुला समजणाऱ्या भाषेतच मिळायला हवा, तो तुझा हक्क आहे. मराठीत माग, वाच, मगच सही कर आणि त्याची प्रत घे.

सुई बारीक असते, सोनोग्राफीत बघत बघत घालतात आणि चार चमचे भरेल एवढं पाणी काढतात. सुई काही मिनिटांतच बाहेर येते. भाचीच्या वेळी मी बाहेर बाकावर बसले होते. ती बाहेर आली आणि म्हणाली, “मावशी, एवढंच?” मग रडली. तुलाही रडू आलं तर येऊ दे.

येताना स्कूटरवर बसू नकोस. सिंहगड रस्त्याची गर्दी आणि ते गतिरोधक त्या दिवशी नकोतच, गाडी सांग. दिवसभर आराम कर. पाळीत दुखतं तसं थोडं दुखेल, एखादा डागही दिसेल. दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घे, दुसरी वेदनाशामक गोळी नको. दोन-तीन दिवस पाण्याची बादली, पिशव्या उचलू नकोस आणि शरीरसंबंध टाळ. पंधरा दिवस आडवं पडून राहिल्याने मात्र धोका कमी होत नाही. गुरुवारपर्यंत सुट्टी घे. बरं वाटलं तर शुक्रवारी घरून काम कर. पाण्यासारखा स्राव, रक्तस्राव, ताप, थंडी किंवा वाढत जाणारं दुखणं, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठ.

मला खरी काळजी त्यानंतरच्या दिवसांची आहे. झटपट रिपोर्ट काही दिवसांत येतो, पूर्ण गुणसूत्रांचा यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून सोमवारी रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याला समोर बसव. ‘तुला योग्य वाटेल ते’ हे प्रेमाने म्हटलेलं असलं, तरी त्याने सगळं ओझं तुझ्या एकटीवर येतं. रिपोर्टमध्ये दोष निघाला तर तुम्हाला काय हवंय? बाळाला तसंच वाढवायची तयारी करायची, की थांबायचं? जेनेटिक कौन्सेलरची (गुणसूत्रांतल्या दोषांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाची) वेळ आत्ताच घेऊन ठेवा. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर दोष असेल, तर मेडिकल बोर्डाच्या निर्णयाने 24 आठवड्यांनंतरही गर्भपाताला परवानगी मिळू शकते, आणि संमतीची सही फक्त तुझी लागते. दोन्हीपैकी कुठलाही निर्णय घेतलास, तरी तू वाईट आई ठरत नाहीस.

आणि एक. लॅबला नंबर नवऱ्याचा दे. तो फोन तुला ऑफिसच्या मीटिंगमध्ये यायला नको. काय असेल ते त्याने घरी येऊन, शेजारी बसून सांगावं.