एल्फिन्स्टन आडनाव मूळचं कुठलं, आणि सगळे एल्फिन्स्टन एकमेकांचे भाऊबंद का?

तुम्ही विचारलंय की एल्फिन्स्टन हे स्कॉटिश आडनाव कुठून आलं, त्याचा अर्थ काय, आज ते लावणारी माणसं कुठे आहेत, आणि ती सगळी आपल्या मुंबईच्या गव्हर्नराची नातलग लागतात का. मी वंशावळींचा हौशी वाचक आहे. शिवाय आयुष्याचा बराच काळ लोअर परळ आणि दादरच्या मधल्या त्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनावर उतरलेलो आहे. त्यामुळे हे नाव नुसतं वाचून मला सोडवत नाही. उत्तर जरा लांबेल.

हे मुळात गावाचं नाव. एडिंबरोच्या पूर्वेला ईस्ट लोदियन परगणा आहे. तिथल्या ट्रनेंट या गावापासून दोनेक मैलांवर एल्फिन्स्टन नावाचं खेडं आजही आहे. सगळा पट्टा कोळशाच्या खाणींचा. तेराव्या शतकातल्या लॅटिन दानपत्रांत इथल्या जमीनदाराच्या नावापुढे 'दे एल्फिन्स्टन' असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे 'एल्फिन्स्टनचा'. पाटणचा तो पाटणकर, तसाच हा प्रकार. एक फरक मात्र ध्यानात घ्या. आपल्याकडे माणूस गाव सोडून बाहेर पडला की बाहेरचे लोक त्याला गावाच्या नावाने ओळखू लागतात. स्कॉटलंडच्या सखल भागात ही नावं आधी लागली ती जमीन ताब्यात असलेल्या सरदारांना, आणि ती गावात बसूनच. जमीन आणि माणूस यांचं नाव एकच असलं की त्याला 'ऑफ दॅट इल्क' म्हणत, म्हणजे त्याच नावाच्या जमिनीचा धनी.

आता अर्थ. इंटरनेटवर 'एल्फिन स्टोन', म्हणजे पऱ्यांचा दगड, असा गोड अर्थ सर्रास दिलेला दिसेल. तो सोडून द्या. शेवटचा 'स्टोन' हा दगड नव्हेच. जुन्या इंग्रजीत 'टून' म्हणजे कुंपणाच्या आतली वाडी किंवा शेतवस्ती. आधीच्या नावाचा, 'चा' दाखवणारा 'स' त्याला चिकटला, आणि पुढे लिहिणाऱ्यांनी त्याचा दगड करून टाकला. लिव्हिंगस्टोन आणि जॉन्स्टोन या स्कॉटिश आडनावांची गतही हीच: लेव्हिंगची वाडी, जॉनची वाडी. स्कॉटलंडच्या भूमीवर जुनं इंग्रजी कसं, असं वाटेल. लोदियनचा हा प्रदेश काही शतकं नॉर्थम्ब्रियाच्या अँग्लियन, म्हणजे जुनं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या, राज्यात होता. 1018 च्या कॅरमच्या लढाईच्या सुमारास तो स्कॉटिश राजांकडे पक्का झाला, पण गावांची नावं तशीच राहिली.

मग ही वाडी कुणाची? इथे अभ्यासकांची दोन मतं आहेत. काहींच्या मते 'एल्फवीने' यासारखं जुनं इंग्रजी नाव, काहींच्या मते 'एल्फिन' हे जुनं ब्रिटॉनिक नाव, जे वेल्स आणि स्ट्रॅथक्लाइडकडे प्रचलित होतं. पहिलं मत धरलं तर गंमत होते. एल्फवीनेमधला 'एल्फ' म्हणजे परीच, आल्फ्रेड या नावात आहे तोच. म्हणजे पुढच्या दाराने हाकललेली परी मागच्या दाराने घरात येते, फक्त दगडावर बसलेली नसते. हेल्फेनस्टाइन नावाच्या जर्मन सरदाराने येऊन वंश स्थापला अशीही एक कथा फिरते. जुन्या घराण्यांना परदेशी मूळपुरुष फार आवडतात, त्यातलीच ती समजा.

त्यापेक्षा ढालीवरचं चित्र जास्त बोलकं आहे. एल्फिन्स्टनांच्या ढालीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी कमान आणि भोवती तीन लाल रानडुकरांची मुंडकी आहेत. शेजारच्या बेरिकशायरमधल्या स्विंटन घराण्याच्या ढालीवरही कमान आणि तीन रानडुकरांची मुंडकीच, रंग तेवढे वेगळे. त्यात भर म्हणजे एल्फिन्स्टनच्या जमिनीचा सुरुवातीचा उल्लेख एका स्विंटनच्याच दानपत्रात येतो. त्यामुळे एल्फिन्स्टन ही स्विंटनांची धाकटी पाती असावी असं मानणारे बरेच आहेत, आणि मलाही ते पटतं. त्या काळी ढालीवरची चित्रं सजावटीसाठी उचलली जात नसत.

या घराण्याने आपलं गाव फार लवकर गमावलं. 1435 मध्ये पायपरडीनच्या लढाईत घरचा कर्ता पुरुष पडला. मागे मुलगी होती. तिच्या लग्नाने ईस्ट लोदियनमधलं एल्फिन्स्टन जॉन्स्टोन घराण्याकडे गेलं. तिथला प्रसिद्ध एल्फिन्स्टन टॉवर त्या जॉन्स्टोनांचा. खाली खाणी खणल्यामुळे जमीन खचू लागली आणि 1955 मध्ये तो बहुतेक सगळा पाडावा लागला. पुरुषांकडून चाललेल्या शाखेला स्टर्लिंगशायरमध्ये फोर्थ नदीकाठी एअर्थजवळची जमीन मिळाली. त्यांनी तिथे नवा टॉवर बांधला आणि जागेला नावही एल्फिन्स्टनच दिलं. हे अगदी ओळखीचं वाटतं, कोकणातून देशावर गेलेल्या घराने घराला गावाचं नाव द्यावं तसं. पण तीही जमीन अठराव्या शतकात डनमोरच्या अर्लला विकली गेली आणि तिचं नाव डनमोर पडलं. आज तिथे पर्यटक येतात ते त्या अर्लच्या बागेतला दगडी अननस बघायला. घुमटाच्या जागी भलाथोरला अननस कोरलेली ती वास्तू 'डनमोर पाइनॲपल' म्हणून प्रसिद्ध आहे. ही जमीन एके काळी एल्फिन्स्टनांची होती हे तिथे येणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

थोडक्यात, दोन जागांना यांचं नाव लागलं आणि दोन्ही हातून गेल्या.

आता हे नाव इतकं दुर्मिळ का, याकडे येतो. स्कॉटलंडची लोकसंख्या 2022 च्या जनगणनेत 54 लाखांच्या आसपास होती. तिथल्या आडनावांत स्मिथ, ब्राउन आणि विल्सन सगळ्यांत वर असतात. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी होते. मॅकडोनाल्ड, कॅम्पबेल ही डोंगराळ भागातली नावं मोठी झाली कारण सरदाराच्या आश्रयाला आलेली कुटुंबंही तेच नाव लावू लागली. गावावरून पडलेल्या नावाला असं पोट नसतं. एक खेडं, एक जमीनदार घराणं, आणि त्या खेड्यातून बाहेर पडलेली काही साधी माणसं, एवढंच भांडवल. म्हणून एल्फिन्स्टन हे नाव स्कॉटलंडच्या पहिल्या शंभर आडनावांच्या यादीत कधीच दिसत नाही.

पण माझ्या मते दुसरं कारण जास्त रंजक आहे: ज्यांनी हे नाव गाजवलं, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते पुढच्या पिढीला दिलंच नाही. बिशप विल्यम एल्फिन्स्टन बघा (1431–1514). त्याने पोपकडून परवानगी आणून 1495 मध्ये ॲबर्डीनचं विद्यापीठ स्थापन केलं. माणूस चर्चचा, तेव्हा वंशाचा प्रश्नच नाही. तो स्वतः मात्र एका धर्मगुरूचा मुलगा होता, त्यामुळे चर्चमध्ये पद घेण्यासाठी त्याला जन्माबद्दल खास सूट मिळवावी लागली होती. पहिला लॉर्ड एल्फिन्स्टन 1513 मध्ये फ्लॉडनच्या रणात पडला, दुसरा 1547 मध्ये पिंकीच्या. पिंकी तर मूळ खेड्यापासून काही मैलांवर. सहावा लॉर्ड बामेरिनो हा आर्थर एल्फिन्स्टन. गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट घराण्यासाठी झालेल्या जॅकोबाइट बंडात सामील झाल्याबद्दल 1746 मध्ये लंडनच्या टॉवर हिलवर त्याचं डोकं उडवलं गेलं आणि ती पदवी तिथेच संपली. 1795 मध्ये दक्षिण आफ्रिकेतली केप वसाहत जिंकण्यात पुढाकार घेणारा ॲडमिरल जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन याला दोन मुलीच. आणि आपल्या मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट अविवाहित.

त्यात तिकडच्या इस्टेटींचा एक नियम भर घालतो. आईकडून किंवा आजीकडून जमीन मिळाली की बऱ्याचदा अट असे: आमचं आडनाव लावा, मगच जमीन. माउंटस्टुअर्टचा सख्खा भाऊ चार्ल्स याला फ्लेमिंग घराण्याची जमीन मिळाली आणि तो एल्फिन्स्टन-फ्लीमिंग झाला. दुसऱ्या एका शाखेचं नाव बुलर-फुलर्टन-एल्फिन्स्टन असं आगगाडीइतकं लांब होत गेलं. म्हणून नुसती आडनावं मोजून या घराण्याचा पसारा समजत नाही. रक्त एका नावाखाली असतं, मोजणी दुसऱ्या नावाखाली होते.

स्पेलिंगचा घोळ वेगळाच. शेवटी 'ई' आहे की नाही, यावरून एकाच कुटुंबाच्या दोन नोंदी दोन आडनावांत मोडतात. अठराव्या शतकात जेम्स एल्फिन्स्टन नावाचा शिक्षक होता, डॉक्टर जॉन्सनचा मित्र. इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे लिहावेत असा त्याचा आग्रह आयुष्यभर टिकला. तो स्वतःचं नाव 'ई' गाळून लिही. मराठीतही काही वेगळं झालं नाही: जुन्या लिखाणात 'अलपिष्टन', कॉलेजच्या पाटीवर 'एल्फिन्स्टन', आणि लोकलच्या गर्दीत 'एल्फिस्टन'.

परदेशांत हे नाव पांगलं ते साम्राज्याच्या नोकऱ्यांमुळे आणि स्थलांतरामुळे. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात आज एल्फिन्स्टन सापडतात. सगळ्यांत अनपेक्षित फांदी रशियातली. जॉन एल्फिन्स्टन हा आरमारी अधिकारी कॅथरीन राणीच्या चाकरीत गेला आणि 1770 मध्ये चेश्मेच्या लढाईत तुर्की आरमाराविरुद्ध लढला. त्याच्या वंशजांपैकी हॉवर्ड एल्फिन्स्टन बाल्टिक किनाऱ्यावरच्या लिव्होनियात, म्हणजे रशियन साम्राज्यात, जन्मला आणि 1855 मध्ये सेव्हास्तोपोलसमोर रशियनांविरुद्धच लढून त्याने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

आता मुंबई. इथे लोक हमखास दोन माणसांची गल्लत करतात. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (1779–1859) हा अकराव्या लॉर्डचा धाकटा मुलगा. 1811 पासून पुण्यात ब्रिटिश रेसिडेंट, 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर. खडकीच्या लढाईच्या दिवशी, 5 नोव्हेंबर 1817 ला, संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि त्यात त्याची पुस्तकं आणि हस्तलिखितं खाक झाली. पेशवाई बुडवणारा म्हणून राग असणाऱ्यांनी राग ठेवावा, पण तो खरोखरीचा वाचणारा माणूस होता. तो परत जायला निघाला तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी काढून त्याच्या नावे अध्यापनाची सोय केली. त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं, जिथे दादाभाई शिकवत होते आणि जिथून 1912 मध्ये बाबासाहेब बी.ए. झाले.

दुसरा त्याचा पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, 1853 ते 1860 मुंबईचा गव्हर्नर, म्हणजे 1857 च्या धामधुमीतला. एल्फिन्स्टन सर्कल, आताचं हॉर्निमन सर्कल, याच्या नावाचं. 2018 मध्ये प्रभादेवी झालेलं स्टेशनही याच्याच नावावरून ओळखलं जाई. कॉलेज काकाचं, सर्कल पुतण्याचं, असं लक्षात ठेवलं की पुरे. हाही अविवाहितच गेला आणि पदवी चुलतभावाकडे गेली. तेव्हा मुंबईत ज्यांची नावं लागली त्या दोघांचाही थेट वंशज म्हणून कुणी एल्फिन्स्टन तुम्हाला भेटणार नाही. कुणी तसं सांगत असेल तर त्याला आधी आजोबांचं नाव विचारा.

मग बाकीचे? काही लॉर्ड घराण्याच्या बाजूच्या शाखांतले, ॲबर्डीनशायरमधल्या लोगी-एल्फिन्स्टनसारखे. उरलेल्यांपैकी अनेकांचा सरदारांशी काही संबंध नसावा. त्या गावातून शहरात आलेला गवंडी किंवा शेतमजूरही कारकुनाच्या वहीत एल्फिन्स्टनच लिहिला जाई. त्यामुळे आडनाव एक म्हणून भाऊबंद एक, हा हिशोब इथे लागू पडत नाही. म्हणूनच सांगतो, 'तुमच्या घराण्याची ढाल' छापलेले मग विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. स्कॉटलंडमध्ये ढाल आडनावाची नसते, एका व्यक्तीची असते, आणि लॉर्ड लायन, म्हणजे ढालींचा कारभार पाहणारा तिथला सरकारी अधिकारी, याच्या दप्तरात तिची नोंद असते. हे दप्तर 1672 च्या कायद्याने चालतं.

तुम्ही खरोखर एखाद्या एल्फिन्स्टनचा माग काढत असाल तर सुरुवात 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी साइटवरून करा. नोंद पाहायला थोडे पैसे पडतात. 1855 पासून जन्म, विवाह आणि मृत्यूची सक्तीची नोंदणी आहे. त्यातही पहिल्या वर्षीची, 1855 ची, नोंद मिळाली तर नशीब समजा, कारण त्या एका वर्षी आईबापांचं वय, जन्मगाव, आधीची मुलं अशी भरपूर माहिती मागितली होती. कारकुनांना ते फार झालं आणि पुढच्या वर्षी रकाने कमी केले. त्याआधीच्या नोंदी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत शोधाव्या लागतात. ट्रनेंट आणि एअर्थ हे दोन पॅरिश, म्हणजे चर्चचे विभाग, आधी बघा. बायकांची नोंद मृत्यूच्या दाखल्यात माहेरच्या आडनावानेही सापडते, कारण स्कॉटिश कागदपत्रांत माहेरचं नाव पुसलं जात नाही. आणि शोधताना 'ई' असलेलं व नसलेलं, दोन्ही स्पेलिंग टाकून पाहा.